सही नसलेला ठराव

नोव्हेंबर २००५ मध्ये बेळगावचे तेव्हाचे महापौर विजय मोरे बंगळुरूला गेले होते. आमदार निवासाजवळ, विधानसौधापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कर्नाटक रक्षण वेदिके या कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गाठलं, धक्काबुक्की केली आणि त्यांच्या तोंडाला काळं फासलं. निमित्त एका ठरावाचं होतं. बेळगाव महापालिकेने २७ ऑक्टोबरला ठराव करून सीमाभाग महाराष्ट्रात सामील करावा अशी मागणी केली होती. त्या ठरावाने एका गुंठ्याचाही सातबारा बदलणार नव्हता. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि सीमावादाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात नेला होता. महापालिकेने फक्त आपलं मत कागदावर आणलं. तेवढ्यावरून मुख्यमंत्री धरमसिंग यांच्या सरकारने नोव्हेंबरमध्येच लोकांनी निवडून दिलेली महापालिका बरखास्त केली.

यानंतर सतरा वर्षांनी दोन विधानसभांनी याच विषयावर ठराव केले. २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्नाटक विधानसभेने बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या पुढाकाराने, शेजारी राज्याला एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव एकमताने केला. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, महाराष्ट्र विधानसभेने नागपुरात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मांडलेला ठराव तितक्याच एकमताने संमत केला: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावांची इंच न् इंच जमीन महाराष्ट्रात आणण्यासाठी लढू. त्याच महिन्याच्या १४ तारखेला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्यासमोर दोन्ही मुख्यमंत्र्यांनी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत एकमेकांच्या प्रदेशावर दावा सांगायचा नाही असं मान्य केलं होतं. ठरावांनी त्या शब्दाची बूज राखली नाही आणि कुणाचं काहीच बिघडलं नाही. एकाही आमदाराची खुर्ची हलली नाही.

ठराव एकाच जातीचे. एकाची किंमत शहराने आपली निवडून आलेली महापालिका गमावून चुकवली, बाकीच्या दोघांना छदामही मोजावा लागला नाही. हा फरक कुठून येतो आणि तो असाच राहावा का, याचा विचार सीमाभागासाठी तर हवाच, पण आपल्या एकूण लोकशाहीसाठीही हवा.

आधी ठरावाचा स्वभाव पाहू. राज्यघटनेच्या कलम १६८ प्रमाणे राज्याचं विधिमंडळ म्हणजे राज्यपाल आणि सभागृह (किंवा दोन सभागृहं) मिळून. म्हणून विधेयक सभागृहात संमत झालं तरी ते अर्धंच झालेलं असतं. कलम २०० खाली राज्यपालांनी अनुमती दिली की त्याचा कायदा होतो. ठराव मात्र विधिमंडळाचा नसतो, सभागृहाचा असतो. सभागृहात राज्यपाल सदस्य म्हणून नसतात. अभिभाषणाला येतात, वाचून निघून जातात. जे सभागृहाचे घटकच नाहीत त्यांची सही कशाला? सदस्यांनी बहुमताने म्हटलं की म्हटलं. अध्यक्षांनी ‘ठराव संमत’ असं जाहीर केलं त्या क्षणी तो पुरा झाला.

यामागचं कारण तांत्रिक नाही. कायदा माणसाच्या खिशाला, जमिनीला, शरीराला हात घालतो. कर बसवतो, तुरुंगात टाकतो. अशा गोष्टीला एकाहून अधिक दारांतून जावं लागणं योग्यच आहे. मत मांडण्याने कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या दाराची गरज नाही. ही रेघ किती नेमकी आहे ते अमेरिकेतल्या एका खटल्यातून दिसतं. जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा तरुण विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आला आणि मुदत संपल्यावर अडकला. त्याला देशाबाहेर घालवू नये असा निर्णय अधिकाऱ्याने दिला. पण डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने एकट्याने ठराव करून तो निर्णय फिरवला. ठराव ना सिनेटपुढे गेला, ना राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. माणसाचं भवितव्य बदलायचं असेल तर कायदा करा, सहीच्या दारातून जा, हे त्या निकालाचं सार. सभागृहाला हवं ते बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण त्या बोलण्याने माणसाला हद्दपार करता येत नाही.

आपल्याकडे याला मोजके पण वजनदार अपवाद आहेत, आणि त्यांकडे फारसं कुणी पाहत नाही. कलम २५२ घ्या. राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयावर संसदेने कायदा करावा असं दोन किंवा अधिक राज्यांना वाटलं, तर त्यांच्या सभागृहांनी ठराव करायचे. पुढे इतर राज्यंही ठराव करून तो कायदा स्वीकारू शकतात. पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदा असाच आला आणि तो सुरुवातीपासून लागू झालेल्या राज्यांत कर्नाटक होतं. महाराष्ट्राने तेव्हा १९६९ चा आपला स्वतंत्र कायदा केलेला होता. बंगळुरूच्या बेळंदूर तलावावर फेस साचतो तेव्हा ज्या कायद्याखाली नोटिसा निघतात, तो कर्नाटकच्या हद्दीत आला तो ठरावाच्या जोरावर, राज्यपालांच्या सहीविना. आणि एकदा आलेला असा कायदा राज्याला स्वतः बदलता येत नाही. तो बदलायचा तर पुन्हा संसदेकडेच जावं लागतं. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची गोष्टही तीच. संसदेने तो १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्रात तो रद्द झाला २००७ च्या नोव्हेंबरमध्ये, विधिमंडळाने तसा ठराव केल्यावर. मधली आठ वर्षं मुंबईतली हजारो एकर जमीन एका न झालेल्या ठरावाखाली अडकून होती. घटनादुरुस्तीच्या काही प्रकारांना निम्म्या राज्यांची मान्यता लागते, तीही ठरावानेच. ‘ठराव म्हणजे नुसता कागद’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

सभागृहाचा ठराव आणि सभागृहाबाहेरचा ठराव यांतला फरक तर बंगळुरूनेच देशाला शिकवला. एप्रिल १९८९ मध्ये मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्याकडे बहुमत उरलं नाही असा अहवाल राज्यपाल पी. व्यंकटसुब्बय्या यांनी दिल्लीला पाठवला. जनता दल विधिमंडळ पक्षाने बोम्मईंवर विश्वास दाखवणारा ठराव केला, त्याची प्रत राज्यपालांना दिली. बोम्मई अधिवेशन लवकर बोलवून बहुमत सिद्ध करायला तयार होते. राज्यपालांनी दोन्हींकडे पाठ फिरवली आणि २१ एप्रिलला सरकार गेलं. पाच वर्षांनी, ११ मार्च १९९४ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायला हवी, राजभवनात नव्हे. बोम्मईंचं सरकार परत आलं नाही, पण त्या निकालाने पुढची कितीतरी सरकारं वाचवली. २०२२ चा सीमाठराव मांडणारे बसवराज बोम्मई हे त्यांचेच चिरंजीव.

जुलै २०१९ मध्ये बंगळुरूच्या विधानसौधात या तत्त्वाची पुन्हा कसोटी लागली. १८ जुलैला मुख्यमंत्री कुमारस्वामींनी विश्वासदर्शक ठराव मांडला. राज्यपाल वजूभाई वाला यांनी पत्र पाठवलं: १९ तारखेला दुपारी दीडपर्यंत मतदान उरका. दीड वाजून गेला. मग दिवसअखेरची मुदत आली, तीही गेली. अध्यक्ष रमेश कुमार यांनी चर्चा चालू ठेवली. मतदान झालं २३ जुलैला: बाजूने ९९, विरोधात १०५. सत्ताधारी आघाडीने ते दिवस फुटलेले आमदार परत आणण्याच्या धडपडीत घालवले हे उघड होतं, आणि ते वागणं शोभणारं नव्हतं. तरीही मला त्या चार-पाच दिवसांतलं खरं मोल वेगळ्या जागी दिसतं. सरकार पडलं ते सभागृहाच्या मताने. राजभवनातल्या घड्याळाने ते पडलं असतं तर १९९४ चा निकाल पुसला गेला असता.

हे झालं ठरावाचं सामर्थ्य. आता त्याची हेळसांड.

मार्च २०२५ मध्ये कर्नाटक विधानसभेने दोन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी केल्या. १९ तारखेला वक्फ दुरुस्ती विधेयकाविरुद्ध ठराव केला. २१ तारखेला सरकारी कंत्राटांत मुस्लिमांना चार टक्के आरक्षण देणारं विधेयक संमत केलं. विधेयक राजभवनात गेलं आणि एप्रिलमध्ये राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी ते राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलं. ठरावाला कुणी अडवलं नाही, कारण अडवण्यासारखं त्यात काही नव्हतं. साधारण पंधरा दिवसांत संसदेने वक्फ विधेयक संमत केलं. आरक्षणाचं विधेयक सहीपाशी अडकलं, वक्फचा ठराव सहीविना निघून गेला आणि कुणाच्या कानापर्यंत पोचला नाही. विधेयकांबाबत राज्यं न्यायालयात गेली. २० नोव्हेंबर २०२५ च्या सल्लागारी मतात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांवर कालमर्यादा लादता येत नाही असं म्हटल्यावर ती वाटही अरुंद झाली. अशा वेळी ठरावांचं आकर्षण वाढणं साहजिक आहे. बोलायला तरी कुणी अडवत नाही.

पण बोलणं स्वस्त झालं की ते बेफिकीर होतं. २५ जुलै २०२४ रोजी कर्नाटक विधानसभेने नीट परीक्षा, एक देश एक निवडणूक आणि मतदारसंघांची पुनर्रचना या तीन मोठ्या विषयांवर ठराव केले, तेही विरोधकांच्या घोषणाबाजीच्या गदारोळात. दक्षिणेच्या लोकसभेतल्या जागा कमी होणार का, हा प्रश्न एका पिढीचा आहे. त्यावर सभागृहाने दिवसभर वाद घातला असता, आकडे मांडले असते, विरोधी पक्षातल्या एखाद्याने बाजूने आणि सत्तापक्षातल्या एखाद्याने विरोधात भाषण केलं असतं, तर त्या ठरावाला दिल्लीत वजन आलं असतं. तसं घडलं नाही. नागपूर आणि बेळगावच्या २०२२ च्या ठरावांतही हाच दोष होता. एकमत होतं, कारण विरोधात बोलण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. सीमाभागातल्या मराठी शाळांचं काय, तिथल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेश कसे मिळतात, मराठीतून कागदपत्रं मिळतात का, असले प्रश्न नागपूरच्या ठरावाच्या भाषणांत मध्यभागी यायला हवे होते.

ठराव ऐकला जातोच असं नाही, हे आपण मराठी माणसं तर चांगलं जाणतो. राज्य पुनर्रचनेचं विधेयक १९५६ मध्ये मतासाठी राज्यांकडे आलं तेव्हा त्यात मुंबई वेगळी केंद्रशासित, महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा अशी मांडणी होती. संसदेने शेवटी केलं भलतंच: विशाल द्विभाषिक मुंबई राज्य. त्यावर मत विचारलंच गेलं नव्हतं. बाबुलाल पराते यांनी याच मुद्द्यावर आव्हान दिलं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूळ प्रस्तावावर मत मागवलं तेवढं पुरे, संसदेने पुढे बदल केले तर पुन्हा विचारायची गरज नाही. गोव्याच्या विधानसभेने १९६५ मध्ये महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. पण शेवटी जनमत कौल घ्यावा लागला आणि १६ जानेवारी १९६७ च्या त्या कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने गोमंतकीयांनी वेगळं राहायचं ठरवलं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, जूनमध्ये तेलंगणा झालाच. ठरावाची किंमत तो मानला गेला का यावरून ठरवली तर यातले बहुतेक फोल ठरतील. मी ती तशी ठरवत नाही. करणाऱ्यांनी त्यासाठी काय पणाला लावलं आणि कुणाच्या वतीने तो केला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जतचंच पाहा. सांगली जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यातल्या चाळीसेक गावांनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याचा ठराव केल्याचा दाखला बसवराज बोम्मई यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. महाराष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांनी तो जुना, २०१२ चा असल्याचं सांगितलं. जुना असो वा नवा, मुंबईत धावपळ उडाली आणि म्हैसाळ विस्तारित योजनेला गती देण्याची घोषणा झाली. त्या गावांना राज्याची हद्द बदलायची नव्हती, त्यांना शेताला पाणी हवं होतं. ज्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं त्यांनी ठराव केला आणि दहा वर्षांनी का होईना, तो ऐकला गेला. तेव्हाही कुणी ‘ही गावं देशद्रोही आहेत, ग्रामपंचायती बरखास्त करा’ असं म्हटलं असतं तर?

बेळगावला मात्र नेमकं तेच घडलं. एकदा नव्हे. डिसेंबर २०११ मध्ये महापालिका पुन्हा बरखास्त झाली. त्याआधी महापौर-उपमहापौर सीमाभागातले मराठी भाषिक पाळतात त्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत गेले होते आणि कारवाईत तो मुद्दा होता. सरकार बदललेलं होतं, पक्ष बदललेला होता, वागणूक तीच.

यावर उत्तर दिलं जातं की महापालिकेचं काम गटारं, पाणी, दिवाबत्ती. राज्यांच्या सीमांवर बोलणं तिच्या कक्षेत येत नाही. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण मग वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा किंवा लोकसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना तरी विधानसभेच्या कायदा करण्याच्या कक्षेत कुठे येते? त्यावर मत मांडण्याचा विधानसभेला हक्क आहे, कारण तिथल्या लोकांच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे. शहर कोणत्या राज्यात असावं याचा त्या शहरातल्या लोकांशी संबंध नाही, असं कोण म्हणेल? १९९३ पासून, ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, नगरपालिकांनाही घटनेत जागा आहे. शांतता भंगेल म्हणून कारवाई केली असंही सांगितलं जातं. शांतता ठरावाने भंगली नव्हती. महापौरांच्या तोंडाला काळं फासणाऱ्यांनी ती भंग केली होती.

राजभवनाने विधेयक अडवलं की बंगळुरू संतापते आणि तो संताप रास्त आहे. पण बेळगावच्या बाबतीत बंगळुरूने राजभवनाहून कठोर भूमिका बजावली. राज्यपाल विधेयक रोखतात, सभागृह शाबूत राहतं. इथे सभागृहच नाहीसं केलं.

महाराष्ट्रानेही फार ऐट मिरवू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार पालिकेचा ठराव निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. आयुक्तांनी ‘ठराव विखंडित करण्यासाठी शासनाकडे पाठवला’ हे वाक्य पालिकेच्या बातम्यांत नेहमीचं झालं आहे. बेकायदा भूखंडवाटप किंवा नियमबाह्य खर्चाचा ठराव रोखायला ही तरतूद हवीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ती मत मांडणाऱ्या ठरावाला वगळत नाही.

याच्या पलीकडचा टप्पा खुद्द बंगळुरूने गाठला. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर वर्षामागून वर्षं निवडणूक न होता प्रशासकाने कारभार पाहिला. २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिका आल्या आणि त्यांच्या वर मुख्यमंत्री अध्यक्ष असलेलं प्राधिकरण बसलं. मुंबईतही मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं हेच चाललं. प्रशासकाच्या राजवटीत ठराव होतात ते फक्त कागदोपत्री. सभेच्या जागी प्रशासक असतो, तोच ठरवतो आणि तोच अंमल करतो. विधानसभेत ठराव आहे आणि सही नाही. या शहरांत सही उरली आणि ठराव गेला. बंगळुरूतल्या महादेवपुरा किंवा व्हाइटफील्डच्या वस्तीत पावसाचं पाणी घरात शिरतं तेव्हा ‘आम्हाला हा नाला असा नको’ असं अधिकृतपणे नोंदवून ठेवणारं निवडून आलेलं सभागृहच तिथे नव्हतं. लाखो माणसांच्या शहराला आपलं म्हणणं ठरावाच्या रूपात मांडता येऊ नये, ही मला बेळगावच्या बरखास्तीहून कमी गंभीर गोष्ट वाटत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात असं मला वाटतं. विधानसभांनी ठराव करताना किमान एक पूर्ण दिवस चर्चेला द्यावा, आवाजी मतदानाऐवजी नावनिशी मतदान घ्यावं, म्हणजे कोण कुठे उभं होतं ते कायमचं नोंदलं जाईल. आणि सहा महिन्यांनी सरकारने त्या ठरावावर काय केलं याचं निवेदन सभागृहात यावं. २०२२ च्या नागपूरच्या ठरावाबाबत हे झालं असतं तर ८६५ गावांतल्या माणसाला आपल्यासाठी नेमकं काय केलं गेलं ते कळलं असतं. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. कलम २०८ प्रमाणे सभागृह आपले नियम स्वतः करतं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. महापालिकेने, नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने केवळ मत व्यक्त करणारा ठराव केला, तर तो विखंडित करता येणार नाही आणि ते बरखास्तीचं कारणही होऊ शकणार नाही, अशी स्पष्ट तरतूद दोन्ही राज्यांच्या कायद्यांत यायला हवी. ती बंगळुरूत आली तर बेळगावच्या मराठी नगरसेवकाला संरक्षण मिळेल आणि मुंबईत आली तर जतच्या किंवा सोलापुरातल्या कन्नड बोलणाऱ्या गावालाही मिळेल. इथे ठराव पुरणार नाही. दुरुस्ती विधेयक आणावं लागेल, आणि त्यावर राज्यपालांची सही लागेल. महाराष्ट्राने बंगळुरूची वाट पाहण्याचं कारण नाही, आणि सरकारने पुढाकार घेईपर्यंत थांबण्याचंही नाही. अशासकीय विधेयक मंत्री नसलेला कोणताही आमदार मांडू शकतो. नागपूरच्या त्या ठरावाला २०२२ मध्ये ज्यांनी एकमताने हात दिला, त्यांच्यापैकी जे आज सभागृहात आहेत, त्यांच्यातल्या एकाने ते मांडावं.